कॅरियरवरचा वजनकाटा

आमचे दिघेकाका सायकलच्या कॅरियरवर बाथरूममधला वजनकाटा बांधून डोंगर चढतात. चेष्टा नाही. काचेचा, चौकोनी, दोन किलोचा डिजिटल काटा. काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळलेला, वर ताणायच्या दोन रबरी बंजी कॉर्ड. तंबू नाही, स्टोव्ह नाही, टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापलेली. पण काटा पाहिजेच.

"अहो काका, दोन किलोचं ओझं कशाला वाहताय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सायकलचं वजन किती का असेना. हॉस्पिटलवाले सायकलला काट्यावर उभं करत नाहीत," काका म्हणाले.

एडिनबरात आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर काका-काकू राहतात, पहिल्यावर मी. काका एकसष्ट वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी कौन्सिलसाठी पूल तपासले, त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी त्याला भार किती झेपेल ते बघतात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून पाहिले. बायकोला वाटलं खुर्ची आवडली. "मार्जिन ठेवायचं, मंदार" हे त्यांचं पेटंट वाक्य. ट्रेन दहाची असेल तर हे सव्वानऊला प्लॅटफॉर्मवर. पाव एका दिवसात संपणार असेल तर घरात दोन.

नलिनीकाकूंच्या किडन्या चार वर्षांपूर्वी गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. काकांची किडनी काकूंना जुळते, हे कळलं त्या दिवशी काकांनी सगळ्या बिल्डिंगला बर्फी वाटली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंना वाटलं, यांना नातू झाला.

पण हॉस्पिटलने काकांना काट्यावर उभं केलं आणि सगळं अडलं. अठ्ठ्याण्णव किलो. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर किडनी काढणं धोक्याचं, अठ्ठ्याऐंशीच्या खाली या, मग पुढचं बोलू. तीन महिन्यांनी परत या.

काकांनी लगेच कंबर कसली. आणि काय करावं या माणसाने? उपवास धरले! सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, वर संकष्टी. तीन महिने एक उपवास चुकवला नाही. काय ती निष्ठा! तीन महिन्यांनी काटा म्हणाला, शंभर.

हॉस्पिटलमधली डायटिशियन अगदी पोरसवदा, ग्लासगोची. तिने शांतपणे विचारलं, उपवासाला काय काय घेता? काकांनी अभिमानाने सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. संध्याकाळी रताळ्याचा कीस. झोपताना खजूर, अशक्तपणा येऊ नये म्हणून. तिने सगळं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही न जेवण्याच्या दिवशी खाता?"

"मी तेव्हाच सांगत होते," काकू मला म्हणाल्या. "पण ऐकतील तर शपथ. आणि मला म्हणाल तर यांची किडनी नकोच. माझ्या पोटात बसून दिवसभर सूचना करेल."

त्याच आठवड्यात काकांनी सेकंडहँड सायकल घेतली. हॉस्पिटलने आणखी एक तारीख दिली होती, सहा महिन्यांनंतरची. यावेळी वजन उतरलं नाही तर काय, ते कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. काकू महिन्यागणिक फिक्या पडत होत्या, ते आम्हाला जिन्यात दिसत होतं.

मग सुरू झाल्या शनिवार-रविवारच्या सफरी. काकांचं शास्त्र सरळ होतं. वजन उतरवायचं उंच पठारावर आणि मोजायचं जुन्या गावात. का, तर या देशात जिथे तिथे गालिचे. एका बी अँड बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, तर बाथरूममध्येही गालिचा! गालिच्यावर काटा खोटं बोलतो. मध्ययुगीन गावात दगडी फरशी असते. "आठशे वर्षं जी हलली नाही, ती माझ्या वजनाने काय हलणार?" असं म्हणून काका नकाशावर ॲबी म्हणजे जुने मठ, जुनी चर्चेस, बाजारचौक शोधायचे. तिथे पोचले की खिशातून स्पिरिट लेव्हल काढायची, बुडबुडा मधोमध येईल अशी फरशी निवडायची, बूट-मोजे काढायचे आणि हात जोडून काट्यावर चढायचं.

शेवटच्या सफरीला मी बरोबर होतो. खरं तर काकूंनीच मला जुंपलं. "एकटे नको जायला. मंगळवारी तपासणी आहे. तू जा रे." मला सायकल चालवायचा अनुभव म्हणजे पुण्यात क्लासला जात होतो तेवढा. पण काकूंना नाही कोण म्हणणार?

शनिवारी सकाळी ट्रेनने इंग्लंडमधल्या पेनरिथला उतरलो आणि हार्टसाइडचा चढ लागला. आई गं! तो चढ संपतच नाही. वळण घेतलं की वाटतं आलं, की पुढे अजून एक वळण. मी उतरून सायकल ढकलत होतो, घाटाला, काकांना आणि स्वतःच्या भिडस्त स्वभावाला मनसोक्त शिव्या देत होतो. काका आपले पुढे, काट्यासकट, एका लयीत पायडल मारतायत. वर पोचलो तर नुसतं पठार. चहूकडे तपकिरी गवत, मेंढ्या, आणि माणसाला उभं राहू न देणारा वारा.

"आता मजा आहे," मी म्हटलं. "इथून ऑल्स्टनपर्यंत नुसता उतार."

काका सायकलवरून उतरले आणि हँडल धरून चालायला लागले.

"काका? पंक्चर?"

"नाही. उतार मी चालत उतरतो. तू हो पुढे."

मला काही कळेना. चढायचं सायकलवर आणि उतरायचं पायी, असा माणूस जगाच्या पाठीवर नसेल. मी सुसाट खाली आलो आणि ऑल्स्टनच्या चौकात तब्बल पावणेदोन तास कुडकुडत उभा राहिलो. काका आले तेव्हा मी चांगलाच तापलो होतो, पण ते इतक्या आनंदात "काय सुंदर ओढा होता वाटेत!" म्हणाले, की भांडायचं राहूनच गेलं.

रविवारी पाऊस. परत पठार, परत चढ सायकलवर, उतार पायी. दुपारी ब्लँचलंडला पोचलो. जुन्या ॲबीच्या दगडांतूनच उभं राहिलेलं गाव. कमानीतून आत गेलं की दगडी घरांचा चौक. तिथे नेमकी पर्यटकांची एक कोच उभी होती आणि वीस-पंचवीस म्हाताऱ्या इंग्लिश बायका आइस्क्रीम खात होत्या. काकांना त्याचं काय! त्यांनी शाल सोडली, लेव्हल लावली, बूट, मोजे, जॅकेट, हेल्मेट, किल्ल्या, चष्मा, सगळं माझ्या हातात दिलं आणि काट्यावर उभे राहिले. चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नाही. तो वाचायला मी.

अठ्ठ्याऐंशी पॉइंट सात.

मला एक क्षण खोटं बोलावंसं वाटलं. पण पूल तपासणाऱ्या माणसाशी आकड्यात काय खोटं बोलणार? सांगितला.

"ही चड्डी ओली आहे," काका म्हणाले. "अर्धा किलो पाणी तरी असेल हिच्यात." आणि त्यांचा हात इलॅस्टिककडे गेला. मी झडप घालून तो धरला.

"काका, नाही! बायका बघतायत!"

खरंच बघत होत्या. त्यातल्या एकीने पुढे येऊन विचारलं, "मीही चढून बघू का?" काका बाजूला झाले. बाईंनी आइस्क्रीम मैत्रिणीकडे दिलं, चढल्या, आकडा पाहिला, म्हणाल्या, "हा काटा बिघडलाय," आणि आइस्क्रीम परत घेतलं.

मी हसत सुटलो. काका हसले नाहीत. ओल्या बाकावर बसून मोजे चढवायला लागले. मी शेजारी बसलो.

"काका, दोन दिवसांत उतरेल. पण ते उतार चालत का उतरता, ते तरी सांगा. वेळ किती जातो."

"जोरात उतरलो आणि पडलो तर?" काका म्हणाले. "हाड मोडलं तर बसेल, त्याचं काही नाही. पण आत काही लागलं तर? ती आता नलिनीची वस्तू आहे रे. माझ्याकडे नुसती ठेवलेली आहे."

मी हातातले बूट त्यांच्यापुढे ठेवले.

"तिला डायलिसिसला आत सोडतो ना आठवड्यातून तीनदा," काका पुढे म्हणाले, "ती म्हणते घरी जा. मी कार पार्कमध्येच बसतो. चार तास. पुलाला तडा गेला तर मला समजतं काय करायचं. रिपोर्ट लिहितो, टेकू लावतो, वाहतूक बंद करतो. इथे नुसतं बसायचं. एवढं नालायक मला कधी वाटलं नव्हतं. या सायकलवर निदान पाय तरी चालतात." त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि उठले. "चल. हेक्समपर्यंत अजून एक चढ आहे. तो मी दोनदा चढणार."

आणि खरंच दोनदा चढले. मी वर सायकलपाशी बसून बघत होतो. आदल्या दिवशी दिलेल्या एकेका शिवीची मला लाज वाटत होती.

मंगळवारी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला.

"सत्त्याऐंशी पॉइंट आठ!" काका ओरडले. "कोरड्या चड्डीत!"

मी इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणालो की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. कुणाला काय सांगू? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

नंतर रक्ताच्या, हृदयाच्या, कसल्या कसल्या तपासण्या झाल्या. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली, एकदाचं झालं, आणि चांगलं झालं. काका आठवड्याच्या आत घरी. काकूंना थोडे दिवस जास्त लागले. त्यांची नवी किडनी कामाला लागली हे कळलं तेव्हा मी आणि बायको स्वयंपाकघरात उभे राहून वेड्यासारखे हसत होतो.

पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना भेटायला वर गेलो. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, गालांवर रंग. काका पोटाला उशी धरून जपून चालत होते. काकूंनी काकांना पाणी मागितलं. काकांनी मोठं स्टीलचं तांब्या-भांडं आणलं. काकूंनी भांडं भरून घेतलं आणि एका दमात संपवलं. परत भरलं, परत संपवलं. मी बघतच राहिलो. डायलिसिसवर असताना त्यांना दिवसाला मोजून पाणी मिळायचं, जेमतेम तीन-चार कप, त्यातच चहा आणि गोळ्या. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखत बसायच्या.

काका भिंतीला टेकून काकूंचा घसा हलताना बघत होते.

"तुम्हाला काय सांगितलंय डॉक्टरांनी?" काकू त्यांना म्हणाल्या. "एकच उरलीय, तिला पाणी पाजा म्हणून सांगितलंय ना?"

"पितो नंतर," असं म्हणून काका दाराकडे वळले.

"अहो, कुठे निघालात? इकडे या." काकूंनी भांडं भरलं. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर पाण्याचा घोट प्यायला नाही. बाटली घेऊन जिन्यात जातो आणि तिथे पिऊन येतो. याला वाटतं, मला कळत नाही."

काका चष्मा काढून उगाच पुसत राहिले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

काकूंनी शेजारची खुर्ची ओढली आणि भांडं त्यांच्या हातात दिलं.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यासमोर प्या."