आण्णांची पेटी

आण्णा चौगुले भांडायच्या आधी माप घेतात. कमरेला टेप कायम. शिवाजी पेठेत आमच्या समोरच्या माडीवर राहतात. माझी मोटारसायकल त्यांच्या दाराशी चार बोटं पुढे आली, तर टेप लावून शिव्या देतात, आणि आपण तोंड उघडलं की ओरडतात, "मापात बोला!"

हे गृहस्थ उभा जन्म ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवत होते. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. टेबलासारखी पायांवर उभी असते. खुर्चीत बसून तारांवर लोखंडी कांडी फिरवायची आणि पायानं पेडल दाबायचं. गोव्याच्या एका वादकाकडून घेतल्यापासून आण्णांनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. अपवाद एकच, कोडोलीची स्नेहल मगदूम. आठ वर्षं एसटीनं येऊन शिकली ती.

यंदा आण्णांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली आणि स्नेहलला बेंगळुरूत एका वाद्यवृंदात काम मिळालं. आण्णाच तिला म्हणाले, "गिटार घिऊन जा. पण पेटी मी दिणार." तिथून माझे सगळे रविवार मातीत गेले.

कोल्हापुरातलं एक दुकान सोडलं नाही. "ही पेटी व्हय? ह्यात तांदूळ भरा." फोमची पिशवी दाखवणाऱ्याला म्हणाले, "पावणं, गिटार न्यायची हाय, कलिंगड न्हाय." एक फायबरची पेटी बरी वाटली, तर तीत डझनभर अंडी ठेवून मला मोटारसायकलवर पन्हाळ्याला पिटाळलं. एक अंडं तडकलं. अकरा शाबूत होती हो! पण आण्णांनी दुकानात असा तमाशा केला की त्या गल्लीतून मी अजून मान खाली घालून जातो.

शेवटी शंकर सुताराला माडीवरच बसवून पेटी करून घेतली. गिटारचे पाय फिरवले की सुटतात, नेताना सुटावेत म्हणूनच तसे केलेले. पण आण्णांना कोण सांगणार? "पाय काढलं की सूर हलतोय. उभीच न्यायची!" पेटी झाली कपाटाएवढी. आत रबर, त्यावर त्यांची स्वतःची रजई.

ठरल्या दिवशी स्नेहल टेम्पो घेऊन आली. तालमीतल्या चौघांनी पेटी उचलली आणि ती दारात अडकली. कशीही फिरवा, जाईना.

"शंकऱ्या! माप कळतंय का तुला?" आण्णा कडाडले.

शंकरनं खिशातला कागद माझ्या हातात कोंबला. "त्यांनीच लिवून दिलंय की! दाराचं मी इचारलं बी हुतं. ऐकतंय कोण?"

माझंही टाळकं सरकलं होतं. कागद आण्णांच्या तोंडावर मारणार होतो. त्यावर पेटीची रुंदी होती, दोन फूट आठ इंच. कागद उलटला. मागे आण्णांच्याच अक्षरात लिहिलं होतं: दार, दोन फूट दोन इंच.

त्यांनी दार आधीच मोजलं होतं.

आण्णा खाली बघत टेप ओढत होते आणि सोडत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला, फार वाईट वाटलं. कागद मी खिशात घातला आणि म्हणालो, "अक्षर लागत नाही, शंकर. असू दे."

स्नेहल पेटीपाशी बसली. "आण्णा, पेटी ऱ्हाऊ दे हितंच. मी पाय सोडते. गिटार रजईत गुंडाळू, तुमी टेम्पोत मांडीवर धरा."

"बेंगळुरूपतोर?"

"व्हय. पाय काढलं की सूर हलतोय म्हणता न्हवं? मग तिथं लावून कोण दिणार?"

आण्णांनी कोपऱ्यातल्या चपला लगेच घातल्या.

टेम्पो निघाला. "हळू की रं! मापात चालव!" गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत होता.

समोरची माडी दोन आठवडे बंद आहे. मी मोटारसायकल रोज त्यांच्या दाराशी चार बोटं पुढे लावतो आणि शिव्यांची वाट बघतो.