अकरा ओळींची एक ओळ

"अकरा ओळी? एवढ्याशा कामाला? मी एका ओळीत बसवतो!" थोडक्या म्हणाला आणि त्याने बोटं कडाकड मोडली.

घरात त्याला थोडक्याच म्हणत. आंघोळ थोडक्यात, जेवण थोडक्यात, फोनवर 'हॅलो'सुद्धा अर्धंच! ताईच्या दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर तो सांभाळायचा. पेशंटांना निरोप पाठवणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकुमांची अकरा ओळींची यादी, मात्र त्याच्या बायकोने लिहिलेली. जर, तर, नाहीतर. सगळं सुटं सुटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची दुरुस्त करायला माणूस येणार होता. म्हणून सकाळच्या पेशंटांना 'उद्या वेळेवर या' आणि दुपारच्यांना 'उद्या येऊ नका' असं कळवायचं होतं.

"चाललंय ना नीट? मग चालू दे की," बायको म्हणाली.

"अगं, 'जर' लिहायचंच कशाला? पेशंट सकाळचा आहे का? दोन अँड, म्हणजे असेल तर 'या' पाठव. दोन उभ्या रेघा, म्हणजे नसेल तर 'येऊ नका' पाठव. यादी संपेपर्यंत फिरव. झालं!"

"आणि 'या' पाठवतानाच काही बिनसलं तर?"

"काय बिनसणार?" म्हणत त्याने एंटर दाबलं.

बिनसलं ते असं. 'या' हा निरोप बिनबोभाट गेला. मग तो पाठवणारी कमांड त्याची नोंद करायला गेली, तर डिस्क गच्च भरलेली! "मला जमलं नाही," असं सांगून ती बाजूला झाली. आता त्या दोन उभ्या रेघांना 'पेशंट सकाळचा नाही' आणि 'नोंद जमली नाही' यांतला फरक काय कळणार? आधीचं काहीही फसलं, की त्या पुढचं काम उरकून मोकळ्या! सकाळच्या अठराच्या अठरा पेशंटांना आधी 'या' आणि पाठोपाठ 'येऊ नका' गेलं.

सकाळी ताई हातमोजे घालून तयार. खुर्ची रिकामी. काउंटरवर फोन मात्र थांबायचं नाव घेईना.

साडेनऊचे पेशंट, पोस्टमन, दारात आले. "पहिल्या निरोपाप्रमाणे आलो, दुसऱ्याप्रमाणे चाललो!" म्हणाले आणि खरंच गेले.

त्यांच्यामागून निवृत्त हेडमास्तर. त्यांनी दोन्ही निरोप कागदावर उतरवून आणले होते. "डॉक्टर, हे आमंत्रण आहे की धमकी?"

ताईने भावाकडे पाहिलं. असं पाहिलं, की त्याला भूल न देता दाढ काढल्यासारखं झालं.

"ताई, मी आत्ता सगळ्यांना एका ओळीत नवा निरोप..."

"कीबोर्डला हात लावायचा नाही! तुझी बायको करेल फोन. खुर्ची रिकामी आहे. बस तू."

"मी? पण माझे दात..."

"आ कर."

त्याने आ केला. ताईने टॉर्च मारून एकेक दाढ तपासली. मग म्हणाली, "चार दाढा किडल्यात. आज एक भरते."

इंजेक्शन बसलं, जीभ जड झाली. बाहेर बायको एकेकाला सांगत होती, "हो, आजच या. नाही हो, दुसरा निरोप चुकून गेला. आमच्याकडूनच!"

हे ऐकून थोडक्याला राहवेना. तोंडात कापसाचे बोळे असूनही तो हात हलवत सांगू लागला, "आ ओई... इक्क... अई ओई!"

हेडमास्तरांनी दारातून डोकावलं. "काय म्हणतायत हो?"

"चूक कबूल करतोय," ताईने ड्रिल सुरू करत सांगितलं.

खरं तर तो सांगत होता, की ओळ बरोबरच होती, डिस्क भरली होती.