बापूसाहेबांचा नेहमीचा आहार

"माणसानं मनात आणलं तर तो काहीही सोडू शकतो! मी उद्यापासून गोड सोडतो!" असं म्हणून बापूसाहेब कुऱ्हेकर वकिलांनी अमरावती कोर्टाच्या बाररूममधल्या टेबलावर मूठ आपटली. मुठीत अर्धी बालूशाही होती, त्यामुळे आवाज जरा मऊ आला.

पुढे जे घडलं ते बापूसाहेब स्वतःच मोठ्या चवीनं सांगत. सांगताना दर दोन वाक्यांनी स्वतःला गाढव म्हणत आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली की चिडत!

सन एकसष्ट-बासष्टचा सुमार. मुंबईहून शिकून आलेले डॉक्टर हेमचंद्र खेडकर धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले होते. काटकुळे, चष्मेवाले, आणि हसले तरी अपराध केल्यासारखे हसणारे. बापूसाहेबांना फार तहान लागते म्हणून ते दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी त्यांची लघवी एका निळ्या औषधात घालून काचेची नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि शेवटी नळीत पिकलेल्या संत्र्याचा रंग उतरला.

"वा!" बापूसाहेब म्हणाले. "छान रंग आला!"

"बापूसाहेब, ही साखर आहे."

"माझ्यात? बायकोला कळवायला पाहिजे. तिला पटणार नाही!"

डॉक्टर हसले नाहीत. खाण्यातला बदल आणि ही साखर यांचा आपल्या वऱ्हाडातल्या माणसांत काय संबंध दिसतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. साखर नुकतीच दिसू लागलेली काही माणसं त्यांनी जमवली होती. त्यांचे चिठ्ठ्या काढून दोन गट करायचे. एका गटानं पथ्य पाळायचं: ज्वारीची भाकर, पालेभाजी, ताक चालेल; साखर, गूळ, तूप बंद. दुसऱ्या गटानं नेहमीचंच खायचं. मग फरक पथ्यानं पडतो की आपोआप, ते कळेल. हिवाळ्यात अकोल्याला डॉक्टरमंडळींची मोठी सभा होती, तिथं ते सगळं मांडणार होते.

याच भरात बापूसाहेबांनी बाररूममध्ये मूठ आपटली होती आणि पथ्यावर एक छोटं भाषणही तयार करून ठेवलं होतं. चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेलं: नेहमीचा आहार.

"ही चिठ्ठी चुकली," ते म्हणाले. "मी पथ्य करणार आहे. बाररूममध्ये जाहीर केलंय!"

"चुकली नाही. तुम्ही काहीही बदलायचं नाही, एवढंच तुमचं काम," डॉक्टर म्हणाले, आणि त्या बिचाऱ्याला तेवढ्यातच विनोद करायची बुद्धी झाली. "आणि खरं सांगू? तुमच्यानं पथ्य झालंही नसतं!"

झालं! एवढं एक वाक्य बापूसाहेबांच्या काळजात कुसळासारखं रुतलं. आणि पथ्याची चिठ्ठी मिळाली कुणाला? किसनरावांना! कोर्टाच्या फाटकासमोर किसनरावांचं फळांचं दुकान. शिराळ्याकडे त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता, आणि त्याच्या बांधाचा दावा बापूसाहेब इतकी वर्षं चालवत होते की दोघं पक्षकार-वकील राहिलेच नव्हते, दोस्त झाले होते. गुळाची ढेप दिसली की किसनराव तिच्याशी बोलत. हा माणूस पथ्य करणार, आणि कुऱ्हेकर वकील शिरा खाणार?

घरी तर आणखीच पंचाईत. डॉक्टरांनी विमलबाईंना बजावून ठेवलं होतं, "वहिनी, यांच्या ताटात अजिबात बदल नको. शास्त्राचा प्रश्न आहे." विमलबाईंनी शास्त्र मनावर घेतलं. एरवी महिन्याकाठी होणारा शिरा रोज डब्यात पडू लागला. पुऱ्या, बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात, वर तेलाची धार!

"अगं, आज भाकर दे ना," बापूसाहेब काकुळतीनं म्हणाले.

"काही नाही! आयुष्यभर भाकर पाहून नाक मुरडलंत, आता डॉक्टरांचं नुकसान करून राहिलात काय?"

त्या दुपारी बापूसाहेब डबा घेऊन कोर्टामागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. तिथं किसनराव आधीच बसलेले. पुढ्यात दोन भाकरी, तांदुळजाची भाजी, आणि चेहरा सुतकात असल्यासारखा.

"वकीलसाहेब, मी काय बकरी हाओ काय जी?" किसनराव म्हणाले. "आमची पार्वताबाई रोज पाला चारून राहिली मले! काल तं मी झोपीत बें केलं म्हन्ते!"

बापूसाहेबांनी आपला डबा उघडला. शिऱ्याचा वास कडुनिंबालासुद्धा गोड करून गेला. किसनरावांनी शिऱ्याकडे पाहिलं. बापूसाहेबांनी भाकरीकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आजचाच दिवस," बापूसाहेब म्हणाले.

"आजचाच! बाप्पा, तुमाले पुण्य लागंल!"

आणि तो आजचा दिवस पावसाळाभर चालला! बापूसाहेब दुपारी किसनरावांची भाकर खात. घरी संध्याकाळी "पोट जड आहे" म्हणून ताकावर भागवत. कोटाची बटणं लागू लागली. जिना चढताना पूर्वी मधल्या पायरीवर उभं राहून वरच्यांची चौकशी करावी लागे, ती थांबली. दवाखान्यातली नळी निळीची निळी राहू लागली. "माझ्यानं पथ्य होत नाही काय?" ते मनात म्हणत आणि डॉक्टरांकडे पाहून गूढ हसत.

डॉक्टर मात्र हैराण! पथ्यवाल्या किसनरावांची नळी विटेसारखी लाल आणि शिरेवाल्या वकिलांची आभाळासारखी निळी! त्यांनी किसनरावांचं पथ्य आणखी कडक केलं. दोन्ही वेळची एकेक भाकर कापली. त्यामुळे किसनरावांना आणखी भूक लागली आणि ते बापूसाहेबांच्या डब्यातला शिरा चाटूनपुसून खाऊ लागले. नळी आणखी लाल! डॉक्टरांनी भाजीतलं तेलही बंद केलं!

बरं, हे दोघांत राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण नेहमीच्या आहाराच्या गटातले नत्थुजी गुरुजी एकदा कडुनिंबाखालून गेले. सुनेच्या तेलकट भाज्यांना ते कंटाळलेलेच होते. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले, त्यांच्या मागून पथ्यवाल्यांपैकी एक भुकेलेला आला, आणि बघता बघता कडुनिंबाखाली बाजारच भरू लागला! "भाकर घ्या, पुरी द्या!" "पातोडीची भाजी कुणाकडे हाये?" डॉक्टरांचे दोन्ही गट तिथं रोज दुपारी गुण्यागोविंदानं एकमेकांचं जेवत. दवाखान्यात गेल्यावर मात्र सगळे साळसूद.

"नेहमीचंच खाता ना?"

"नेहमीचंच!" आणि ते खोटंही नव्हतं. आताशा ते नेहमीचंच झालं होतं.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. जे दिसतं ते मानायचं, हा त्यांचा बाणा. त्यांनी विमलबाईंकडून शिऱ्याचा नमुना बाटलीत भरून नागपूरला तपासायला पाठवला. ही बातमी बापूसाहेबांच्या अंबापेठेत पसरली. कुऱ्हेकरीणबाईंच्या शिऱ्यानं साखर उतरते! बायका वाट्या घेऊन शिरा शिकायला येऊ लागल्या. ज्या घरी म्हणून कुणाला तहान जास्त लागत होती, त्या घरी रवा भाजला जाऊ लागला. विमलबाई हुरळून गेल्या. बापूसाहेबांच्या पोटात मात्र पहिल्यांदाच गोळा आला, आणि तो गोळाभातातला नव्हता. सांगावं, तर डॉक्टरांपुढे मान खाली घालावी लागणार. न सांगावं, तर सगळं अमरावती शिऱ्यात बुडणार. वकिलानं अशा वेळी जे करायचं तेच त्यांनी केलं. तारीख घेतली. उद्या सांगू!

उद्या-उद्या करता अकोल्याची सभा आली. डॉक्टर बापूसाहेबांना आणि किसनरावांना म्हणाले, "तुम्ही दोघंही चला. तुम्हाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही."

बडनेऱ्याहून तिघंही पॅसेंजरनं निघाले. डॉक्टर कोपऱ्यात कागद चाळत होते. मूर्तिजापूरला ते पाणी भरायला उतरले, तेव्हा किसनरावांनी हळूच पायातला जोडा काढला. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्यांनी ती सैल केली, तशी खालची चिघळलेली जखम पाहून बापूसाहेब पुढे वाकले.

"हे काय किसनराव?"

"काटा रुतला होता बगीच्यात. बरंच होऊन नाई राहिलं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"काहून दाखवू? मंग उरलेली भाकरबी बंद करंल तो मानूस! तुमी चूप राहा जी."

डॉक्टर पाणी घेऊन परत आले, तसं बापूसाहेबांनी तोंड फिरवलं. अकोला येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पण त्यांना कापसाच्या पळहाटीची शेतं दिसत नव्हती. दिसत होता तो स्वतःच्याच हातानं किसनरावांपुढे सरकवलेला शिऱ्याचा डबा. आपण बहाद्दर! चार भाकरी खाऊन डॉक्टरांवर मात केली, आणि त्याची किंमत या भोळ्या माणसाचा अंगठा!

मोर्णा नदीच्या पुलावरून टांगा जुन्या शहरात शिरला. सभागृह कोटवाल्या, टोपीवाल्या डॉक्टरांनी भरलं होतं. अध्यक्ष बोरकर म्हणून अकोल्याचे म्हातारे डॉक्टर होते, कानाला हात लावून ऐकणारे. खेडकर डॉक्टरांनी चाचरत सगळं मांडलं. पथ्य करणाऱ्यांची साखर वाढली. नेहमीचं खाणाऱ्यांची उतरली. सभागृहात मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज झाला.

"म्हणजे पथ्य घातक आहे, असं म्हणता?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला तसं म्हणवत नाही," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "पण दिसतं ते असं आहे. हे दोघं इथंच आहेत. आता जेवणाची वेळ झालीच आहे. त्यांना नेहमी घेतात तोच आहार घेताना आपण पाहावं."

व्यासपीठावर दोन पाट मांडले गेले. किसनरावांपुढे एक भाकर आणि उकडलेली मेथी. बापूसाहेबांपुढे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि यजमानांनी वऱ्हाडाची अब्रू राखण्यासाठी केलेला, तुपात न्हालेला, बेदाण्यांनी मढवलेला शिऱ्याचा डोंगर. सगळे डॉक्टर माना उंचावून पाहू लागले.

किसनराव भोळे. पावसाळाभराची सवय. समोर माणसं आहेत की म्हशी, हे त्यांनी पाहिलं नाही. आपलं ताट बापूसाहेबांकडे सरकवलं आणि बापूसाहेबांच्या ताटाला हात घातला.

बापूसाहेबांनी ताट घट्ट धरलं.

"किसनराव, नको!" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"सोडा जी!"

"मी सांगतो, नको! तुमचा पाय बघा!"

"पायाचं अन् शिऱ्याचं काय नातं हाये?" किसनराव ताट ओढू लागले. बापूसाहेब आपल्याकडे ओढू लागले. पुऱ्या उडाल्या. एक थेट अध्यक्षांच्या टोपीवर बसली. आणि त्या झटापटीत किसनराव सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अन् आजच काहून नाई देत? रोज तं देता!"

ते ऐकायला अध्यक्षांनासुद्धा कानाला हात लावावा लागला नाही.

बापूसाहेब उभे राहिले. कोर्टात कधी न अडखळलेली जीभ आज अडखळली. "मी... आम्ही... डबे बदलत होतो," ते कसंबसं म्हणाले. "सगळेच बदलत होते. भाकर मी खाल्ली. शिरा यांना चारला. आणि डॉक्टर, यांच्या पायाला जखम आहे. माझं काय करायचं ते नंतर करा, आधी ती बघा!"

हशा पिकला असता. पण डॉक्टर खेडकर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हातातले कागद खाली ठेवून ते सरळ किसनरावांपुढे गुडघ्यावर बसले आणि चिंधी सोडू लागले. ते पाहून बापूसाहेबांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

किसनरावांना अकोल्यातच इस्पितळात ठेवलं. इन्शुलीन सुरू झालं, जखम साफ झाली. अंगठा वाचला. पार्वताबाई धावत आल्या. त्यांनी आधी नवऱ्याला फैलावर घेतलं आणि मग बापूसाहेबांना.

"वकीलसाहेब, मी रोज पहाटं उठून भाकर थापत होती, ते तुमच्यासाठी काय?"

"फार छान होत होती," बापूसाहेब म्हणाले. याहून मूर्ख उत्तर त्यांनी जन्मात दिलं नव्हतं.

"डॉक्टर," परतीच्या गाडीत बापूसाहेबांनी भीत भीत विचारलं, "कागद उलटे धरले तर? म्हणजे निष्कर्ष उलटा केला, की पथ्याचाच विजय होतो ना?"

"कुणी कधी कुणाचं काय खाल्लं, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

आणि त्यांनी केलं. नवी माणसं घेऊन, नव्यानं. बापूसाहेबांनी अंबापेठेत घरोघर फिरून शिऱ्याची खरी हकिकत सांगितली. विमलबाई काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, कारण शिरा निर्दोष असल्याचं त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं.

कालांतरानं डॉक्टरांचा तो अभ्यास एका वैद्यकीय मासिकात छापून आला. पथ्यानं साखर उतरते, हे त्यात नीट सिद्ध झालं होतं. डॉक्टरांनी एक प्रत बापूसाहेबांना आठवणीनं पाठवली. बापूसाहेबांनी चष्मा लावला आणि आभाराच्या ओळींत आपलं नाव शोधलं. नव्हतं. पुढं पाहिलं, मागं पाहिलं, आकड्यांच्या रकान्यांतसुद्धा पाहिलं.

"तुमचं आलंय का हो काही?" विमलबाईंनी विचारलं.

एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. बापूसाहेबांनी ती मराठीत करून वाचली: "या अभ्यासासाठी वकिली व्यवसायातील व्यक्ती घेतलेल्या नाहीत."

विमलबाई बघतच राहिल्या.

"बघतेस काय?" बापूसाहेब घसा खाकरून म्हणाले. "नाव कुणाचंही छापून येतं. माझ्यामुळे अख्खा व्यवसाय आलाय!"