शालनमावशींचं फ्रेंच गणित

आमच्या शालनमावशी बांगडे फ्रेंचमधून मोजून घेतात. मासेवाली टोपलीतून एकेक बांगडा टाकते आणि मावशी ओठांचा चंबू करून म्हणतात, "अँ, द, त्र्वा, कात्र..."

पहिल्या दिवशी मासेवाली चौथ्यालाच थांबली. "कातर खंयची गो बाये? कोयतो आसा माझ्याकडे."

मावशी ओरोसच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होत्या. निवृत्त होऊन वालावलला, आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहतात. कचेरीतून त्यांनी एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे "विषय निकाली!" हे वाक्य. भात उतू गेला, विषय निकाली. नवऱ्याच्या तेराव्याला भटजी उशिरा आले, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

हे फ्रेंच आलं कॅनडातून. मावशींची मुलगी सीमा माँट्रियलला असते. नात इरा तिथल्या शाळेत फ्रेंचमधून शिकते. पोरगी गणितात मागे पडायला लागली, तशी शाळेने घरच्यांची सभा घेतली आणि सांगितलं, घरीही गणित फ्रेंचमधूनच बोला. सीमाला फ्रेंच येत नाही, जावयाला येतं पण वेळ नाही. तेव्हा सीमाने आईला फोनवर बजावलं, "आई, शनिवारी इराशी बोलशील तेव्हा मराठीतून आकडे काढू नकोस. ती गोंधळते."

आता ज्या बाईने आयुष्यभर जमिनींच्या मोजणीचे तक्ते तपासले, तिला आकडे काढू नकोस म्हणणं म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी मोबाइलवर फ्रेंच शिकवणारी एक बाई बोलू लागली आणि मावशी तिच्यामागून. दारावर "ला पोर्त" अशी चिठ्ठी लागली. खुर्चीवर लागली, विहिरीच्या रहाटावर लागली. गाईच्या शिंगाला लावलेली गाईने खाल्ली. देवळात पुजाऱ्याने तीर्थ दिलं, तर "मेर्सी", म्हणजे आभार, म्हणून घेतलं. पुजारी मला हळूच म्हणाला, "म्हातारेक एकदा कुडाळाक डॉक्टराक दाखवा."

व्याकरणाशी मात्र त्यांचं भांडण झालं. "फ्रेंचात नपुंसकलिंगच नाय गो! मगे 'ता चेडू' खंय घालूचा?" चेडू म्हणजे मुलगी, आणि आमच्या मालवणीत ती नपुंसकलिंगी. हा प्रश्न त्यांनी सीमालाही विचारला. सीमाने फोन ठेवून दिला.

शनिवारी तिन्हीसांजेला, म्हणजे तिकडे सकाळी, इराचा फोन येई. घरात रेंज नाही, म्हणून मावशी खाडीकडच्या बांधावर उभ्या राहत. एका शनिवारी त्यांचे नारळ पाडून झाले होते आणि मी मोजायला मदत करत होते. फोन लागला तो इराच्या रडण्यानेच. तिला ऐंशीच्या पुढचे आकडे जमत नव्हते. फ्रेंचमध्ये ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही, 'कात्र-व्हँ', म्हणजे 'चार-वीस' म्हणतात. पोरीला वाटे, चार आणि वीस, म्हणजे चोवीस.

मावशींनी फ्रेंचमधून सुरुवात केली आणि तीन शब्दांत अडकल्या. मग त्यांनी फोन नारळांकडे फिरवला.

"इरा, हयसर बघ. ह्यो एक ढीग, वीस नारळ. आमचे आजे असेच मोजीत. एक विसा, दोन विसा, तीन विसा, चार विसा. किती झाले?"

"आई, मराठी नको!" मागून सीमा ओरडली.

"मराठी खंय आसा? ही मालवणी!"

इरा रडायची थांबली. ढिगांकडे बघत राहिली. "आज्जी... कात्र-व्हँ? चार ढीग?"

"वुई!" मावशी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की खाडीतले बगळे उडाले. "विषय निकाली!"

त्यानंतर पोरगी झपाट्याने सुधारली. शाळेने कौतुक केलं. सीमाने आनंदाने कळवलं की आता घरच्या मदतीची गरज नाही, शनिवारी सकाळी इराला स्केटिंगला घातलंय, अधूनमधून फोन करू. मावशींनी घावणे करून वाडीभर वाटले.

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला बघते तर मावशी बांधावर. हातात फोन, पण कुणाचा लागलेला नाही. ती शिकवणारी बाई बोलत होती आणि मावशी तिच्यामागून.

"मावशे, आता कित्याक गो? गणित इला मा तिका?"

"गणितासाठी नाय गो. ता चेडू थयसरच मोठा होताला. आता समाजता तितकीय मराठी फुडे ऱ्हवाची नाय. मगे माका आज्जी म्हणान काय बोलतला? तेच्या भाशेत 'जेवलंस?' म्हणान इचारूक तरी येवक व्हया."

मग फोन बंद करून त्या माझ्याकडे वळल्या. "ऐक, बरोबर वाटता काय बघ. तू आ मांझे?"

मला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही. आणि मी नुकतेच त्यांनीच दुपारी पाठवलेले घावणे खाऊन आले होते.

"नाय मावशे," मी म्हटलं, "अजून जेवक नाय."

"मगे चल," म्हणत त्यांनी फोन पदराला पुसला आणि घराकडे भराभर चालायला लागल्या.