आपलंच हाय

शेजारचे मेश्राम बाबूजी घरी आले की आधी आमचं फाटक वाजतं. कुणी उघडावं म्हणून नव्हे. फाटक सताड उघडं असलं तरी ते वाजवतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं हाड लोखंडावर पडतं, टक टक, मग जरासा दम, मग पुन्हा एकदा टक. त्यानंतर मान तिरकी करून ते क्षणभर ऐकतात आणि समाधानानं म्हणतात, "आपलंच हाय."

मग खिडकीचे गज, पत्र्याची कोठी, घडीच्या खुर्च्या, सगळ्यांची हजेरी होते. माझ्या बायकोला सुरुवातीला वाटलं, हा माणूस आपल्या सामानाची किंमत करून राहिला आहे.

बालाघाटबाहेरच्या वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या पोटात मँगनीज आहे आणि मँगनीज मिसळल्याशिवाय पोलादात दम येत नाही. महाराष्ट्राच्या सीमेला चिकटून असलेल्या तिरोडीला त्याची खदान आहे. बाबूजी तिरोडीचे. त्यामुळे त्यांचा हिशेब सरळ आहे: पोलादात मँगनीज, मँगनीज तिरोडीचं, तेव्हा जगातलं समस्त लोखंड आपलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबूजी, मँगनीज दुसऱ्या देशांतही निघतं."

"निघत असंन," ते शांतपणे म्हणाले. "त्याईचं त्याईनं वाजवावं."

कुणालाही वाटेल की माणूस खदानीतच राबला असणार. तर नाही! बाबूजींची सगळी नोकरी वनखात्यात, बाबू म्हणून. जन्मभर सागवान मोजलं आणि निष्ठा वाहिली लोखंडाला. घरात लाकडाचं म्हणाल तर एक पोळपाट.

किरनापूरला एका लग्नात मुलीकडच्यांनी कपाट दिलं होतं. बाबूजींनी भर मांडवात ते वाजवलं आणि मोठ्यानं निकाल दिला, "पत्रा हलका हाय, पण हाय आपलंच." पहिलं अर्धं वाक्य मुलाकडच्यांनी ऐकलं आणि दुसरं कुणीच ऐकलं नाही. तो मांडव शांत करायला पंगत उठेपर्यंत वेळ लागला. आमच्या गल्लीतला एक पोरगा मोटारसायकलवरून पडला आणि त्याच्या पायात सळई घातली, तेव्हा त्याला भेटायला बाबूजी दवाखान्यात गेले. "आता तुह्या पायातही आपलं हाय, बेटा," म्हणून त्यांनी बोट उचललं. पोराची आई मध्ये आली म्हणून निभावलं.

त्यांची मुलगी प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. शाळा सुटायच्या सुमारास बाबूजी तिला घ्यायला यायचे आणि शाळेचं फाटक वाजवायचे. टक टक, टक. घंटेआधीच ही दप्तर मिटायची. मी रागावलो तर म्हणायची, "सर, बाबा बुला रहे हैं." हीच मुलगी पुढे इंजिनियर झाली, बंगलोरला पुलांचे नकाशे काढायला लागली. आई गेल्यावर तिनं बाबूजींना तिकडे चला म्हणून खूप आग्रह केला. बाबूजी गेले नाहीत. "तथी मले कोण वळखते?" म्हणाले, आणि घराचं फाटक वाजवून आत गेले. ते एकटे राहतात.

आणि मग तिचा फोन आला. तिनं स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत आखलेला पहिला पूल तयार झाला होता. उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं, ते पाहुण्यांच्या सोयीनं एकाएकी उद्या सकाळी ठरलं. रेल्वेनं पोचणं शक्यच नव्हतं. नागपूरहून रात्रीचं विमान तेवढं होतं. तिनं दोन तिकिटं काढली, एक बाबांचं आणि एक माझं, कारण मी विमानात आधी बसलो होतो.

बाबूजींच्या तोंडचं पाणी पळालं. जमिनीवर हा माणूस कुणाला घाबरत नाही. "पण खाली काहीच नसते ना, गुर्जी!" म्हणाले. पूल तर पाहायचाच होता. पोरीचा पहिला पूल आणि तो आपण वाजवायचा नाही, हे कसं व्हावं? बराच वेळ विचार करून त्यांनी मला विचारलं, "विमान लोखंडाचंच असते ना?"

फोन चालू होता. पलीकडून प्रज्ञाचा नुसता श्वास ऐकू आला. मी म्हणालो, "हौ."

"मंग आपलंच हाय. चला."

अ‍ॅल्युमिनियम हा शब्द मी त्या दिवसापुरता अभ्यासक्रमातून वगळला.

विमानतळावर धातू शोधणाऱ्या चौकटीतून ते गेले आणि ती चौकट पीं पीं करायला लागली. जवानानं थांबवलं. बाबूजींच्या पँटच्या पट्ट्याचं बक्कल निघालं. ते खूश. "पाहा गुर्जी, बोललं! मशीनही वळखते." विमानाला शिडी होती, ती त्यांनी वाजवली. ती आपलीच निघाली. दाराशी मात्र विमानाच्या अंगावर बोट जायला लागलं, तसा मी मागून रेटा दिला. "चला चला बाबूजी, मागं लोक आहेत."

स्वस्तातलं तिकीट. तीन खुर्च्यांत बाबूजी मधे, मी वाटेकडे, खिडकीशी कानात गाण्याचं यंत्र घातलेला एक तरुण. गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले. "खैरलांजीच्या बसमधी उभ्यानं गेलो, पण एवढा दबलो नाई," बाबूजी म्हणाले. पट्टा कसा लावायचा ते हवाईसुंदरीनं दाखवलं. यांनी तो लावला, बक्कल वाजवलं आणि तिला अभिमानानं सांगितलं, "बेटी, ये हमारा है." ती गोड हसून म्हणाली, "नहीं सर, इसे यहीं छोड़कर जाना है."

विमान उडालं. दिवे मालवले. आजूबाजूचे लोक तोंडं उघडी टाकून झोपले. माझाही डोळा लागत होता, तेवढ्यात बाबूजींचा हात त्या तरुणाच्या पुढून भिंतीकडे गेलेला मला दिसला. आवाज आला ढप ढप, ढप.

"गुर्जी, हे बोलून नाई राह्यलं."

तरुणानं कानातलं यंत्र काढलं. मुलगा चांगला होता, मदतीच्या भावनेनंच म्हणाला, "अंकल, ये तो प्लास्टिक है. और बाहर एल्युमिनियम. लोहे का होता तो उड़ता कैसे?"

बाबूजींनी हात मागे घेतला. मी समोरच्या खिशातला कागद काढून वाचायला लागलो. अंधारात.

"गुर्जी."

"हौ बाबूजी."

"तुमी तं विज्ञान शिकवता ना?"

"बाबूजी, अ‍ॅल्युमिनियमातही थोडं मँगनीज मिसळतात. खरं सांगतो."

"आता मन राखाले नका सांगू." त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "मंग एवढा वेळ मी कशाच्या भरवशावर बसलो?"

मी खरं बोललो तेव्हाच नेमका विश्वास उडाला. विमान थोडं हललं. बाबूजींनी पोटावरचं बक्कल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्या सबंध विमानात त्यांच्या ओळखीचं तेवढंच होतं. मला फार वाईट वाटलं. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं, "बाबूजी, तुम्ही नेहमी दोनदा आणि मग एकदाच काहून वाजवता?"

इतकी वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

"माही माय खदानीत गोटा फोडे," ते म्हणाले. "बाया रांगीनं बसत. हातोडीनं गोटा फोडाचा, चांगला इकडं, खराब तिकडं. मी लहान. मले झाडाखाली बसवून जाये. उडणारी धूळ अशी काळी, का दुपारपावतर सगळ्याईचे तोंडं काळे, लुगडे काळे. भूक लागली का मी मायले पाहो, तं सगळ्या सारख्याच! एक रोज मी दुसऱ्याच बाईचा पदर धरला. तिनं मान वर केली तं माय नाई. लय रडलो, गुर्जी. त्या रोजपासून मायनं हात बदलवला. दोनदा मारे, थांबे, मंग एकदा. एवढ्या हातोड्या चाले, पण मले ते बरोबर समजे. डोळे मिटून जावो मायपाशी."

बोलता बोलता त्यांनी बक्कलावर बोट टेकवलं.

"माय म्हणे, आपला गोटा गाडीत बसून जाते आन् साऱ्या लोखंडात मिसळते. मंग मी वाजवून पाहतो. बोलते का म्हणून."

गल्लीत आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. मीसुद्धा करायचो, आणि चांगली करायचो.

खिडकीजवळच्या तरुणाला मराठी किती समजली कुणास ठाऊक. त्यानं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून बाबूजींच्या हातात दिली. "अंकल, ये स्टील की है." बाबूजींनी ती वाजवली, छातीशी धरली, आणि विमान उतरेपर्यंत परत दिली नाही.

प्रज्ञा आम्हाला घ्यायला येऊ शकली नाही, ती रात्रभर पुलावरच होती. आम्ही टॅक्सी करून पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. बाबूजींच्या मनात वैनगंगेवर असतो तसा पूल होता. हा निघाला पायी जाणाऱ्यांचा. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला शाळा, आणि वरून पोलादी जिने-कठडे. मी घाबरत त्यांच्याकडे पाहिलं.

"खाली नदी नाई?"

"नाही. गाड्या आहेत."

"जाईन कोण याच्यावरून?"

"शाळेतली मुलं."

"हौ तं मंग!" ते म्हणाले, आणि ताठ झाले.

मांडव होता, भोंगा होता, पाहुण्यांचं भाषण चालू होतं. दोर लावून पोलीस उभे होते, ते आम्हाला पुढे सोडेनात. फोन प्रज्ञा उचलत नव्हती. वर पुलावर कामाची माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळे टोप, अंगावर एकसारखी नारिंगी जाकिटं, तोंडाला धुळीसाठी पट्ट्या.

बाबूजी टाचा उंचावून पाहत राहिले. या टोपावरून त्या टोपावर. मग माझी बाही धरून म्हणाले, "गुर्जी, माही पोट्टी कोणती?"

मलाही ओळखू येईना. सत्तरीतला माणूस, पण तो चेहरा झाडाखाली बसवलेल्या लेकराचा होता.

दोराच्या अलीकडेच पुलाचा एक खांब होता. बाबूजी त्याच्यापाशी गेले. टक टक. टक. वर काहीच हललं नाही. भोंगा ओरडत होता. त्यांनी पुन्हा वाजवलं, बोट लाल होईस्तोवर जोरानं, आणि खांबाला कान लावला. मीही लावला. पोलादातून आवाज हवेपेक्षा लवकर जातो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ऐकलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

टक टक.

टक.

वर एक पिवळा टोप कठड्यावर ओणवा झाला होता. हात अजून कठड्यावरच होता. तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि बाकी सगळे पाहुण्यांकडे पाहत असताना ती खाली आमच्याकडे पाहून हसायला लागली. माझे डोळे भरून आले. आमच्या बालाघाटच्या शाळेची मुलगी!

पोलीस आमच्याकडे आला. खांबाशी काय चाललंय, असं त्यानं त्याच्या भाषेत विचारलं असावं. बाबूजींनी खांबावरचं बोट काढून वर दाखवलं.

"ते," ते म्हणाले, "ते आपलीच हाय."

पोलिसाला मराठी येत नव्हती. पण त्यानं दोर वर उचलला.