वसंताचा पत्ता

मे महिन्यातली दुपार. नागपूरचं ऊन. आणि मी अंगात लोकरीचा कोट, गळ्यात मफलर, पायात कडक बूट अशा थाटात झोपाळ्यावर बसलेलो. पुढ्यात ताटात पिठलं-भाकरी, एका हातात काटा, दुसऱ्या हातात सुरी. मागून झोके देणारे गृहस्थ घसा ताणून ओरडताहेत, "भाकरीले हात लावू नको! जहाज हालून राहिलं आहे असं समज, अन् सुरीनं काप!"

हे गृहस्थ म्हणजे बापूराव. इतवारीत आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. मी त्यांना काकाजी म्हणत असे. तीस वर्षं त्यांनी पोस्टात टपाल निवडण्याचं काम केलं आणि पेन्शन घेतल्यावर विलायतेला शिकायला निघालेल्या मुलांना तयार करण्याचं काम अंगावर घेतलं. कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं. गेली तीन वर्षं नागपुरातला विलायतेला जाणारा प्रत्येक मुलगा या झोपाळ्यावर घाम गाळून गेलेला होता.

स्वतः काकाजी एकीकडे भंडारा आणि दुसरीकडे वर्धा, यापलीकडे गेलेले नव्हते. पण त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता चार वर्षांपूर्वी विलायतेला गेला होता आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याचं पत्र येत असे. त्यामुळे काकाजींना तिकडचं सगळं ठाऊक, हे साऱ्या मोहल्ल्यानं मान्य केलं होतं.

आमचं घर कोष्ट्याचं. आजोबा मागावर लुगडी विणत, वडील सूत रंगवत. मी रसायनशास्त्रात बरे मार्क मिळवले आणि कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला मला मँचेस्टरला जागा मिळाली. घरात सगळ्यांत लांबचा प्रवास कामठीपर्यंतचा. वडिलांनी मला हाताला धरून काकाजींच्या ओसरीवर नेलं आणि म्हणाले, "बापूजी, हा तुमच्या हवाली."

मला खरं तर काकाजींकडून एकच गोष्ट हवी होती. वसंताचा पत्ता. शुक्रवारी नावाच्या तलावात मला पोहायला शिकवलं ते वसंतानं. गणितात मार खाण्यापासून वाचवलं तेही त्यानंच. एवढ्या मोठ्या परक्या मुलखात एक ओळखीचं माणूस असलं, की बाकी काटे-सुऱ्या मी कशाही सांभाळल्या असत्या. खोटं कशाला बोलू, मला जायची भीती वाटत होती.

पहिल्याच दिवशी मी पत्ता मागितला. काकाजी चष्मा पुसत म्हणाले, "तो खोली बदलून राहिला. नवा पत्ता आला का देतो. आधी छत्रीचं पाहून घे."

काकाजींच्या माडीवर भिंतभर लाकडी खण होते, पोस्टात टपाल निवडायला असतात तसेच. प्रत्येक खणावर चिठ्ठी डकवलेली. थंडी. आंघोळ. घरमालकीण. बटाटा. बूट. जिना. गेलेल्या मुलांच्या पत्रांतून उतरवून घेतलेली माहिती त्या त्या खणात पडे. छत्रीच्या खणात दोन कागद होते. एका मुलानं लिहिलं होतं, छत्रीवाचून घराबाहेर पाऊल टाकू नये. दुसऱ्यानं लिहिलं होतं, छत्री घेऊन हिंडलो तर कॉलेजातली मुलं हसतात.

"मग न्यायची की नाही, काकाजी?"

"नेजो. नोंद घे. पन उघडू नको."

प्रत्येक वाक्यानंतर ते "नोंद घे" म्हणत आणि मी वहीत नोंद घेई. त्या वहीचं पान काढून आज वाचलं तरी मला घेरी येते. आंघोळ आठवड्यातून एकदा. आंघोळ रोज, पण घरमालकिणीला कळू न देता. बटाट्याला नाही म्हणू नये. बटाटा फार खाऊ नये, लोक अधाशी समजतात. कोणी "कसे आहात" असं विचारलं, तर थांबून खरं सांगू नये. आणि कोणी विचारलंच नाही, तर आपण विचारावं.

बुटांवरून तर आमचं चांगलंच वाजलं. एका मुलानं लिहिलं होतं, झोपताना बूट खोलीबाहेर ठेवले की सकाळी चकचकीत होऊन मिळतात. दुसऱ्यानं लिहिलं होतं, बूट बाहेर ठेवल्याबद्दल घरमालकीण तीन दिवस बोलली नाही.

"आता मी काय करू?" मी वैतागून विचारलं.

काकाजींनी दोन्ही कागद उजेडात धरून पुन्हा वाचले. "दोन्ही पोट्टे चांगल्या घरचे हायेत. खोटं काहून लिवतीन? तू असं कर. एक बाहेर ठेव, एक आत."

यात वसंताच्या माहितीची भर पडली की उरलीसुरली अक्कलही माझी साथ सोडे. जूनमध्ये काकाजींच्या बोलण्यात वसंता लंडनला होता. जुलैत त्याच्या खिडकीतून डोंगर दिसू लागले. कायदा शिकायला गेलेला वसंता एकदा मुडदा फाडताना चक्कर येऊन पडला. मी म्हटलं, "काकाजी, तो वकील होऊन राहिला का डॉक्टर?" ते म्हणाले, "हुशार पोट्ट्यावर तिकडे बळजबरी नसते." मी याचीही नोंद घेतली.

एक दिवस त्यांनी मला दोन पानांची प्रश्नावली दिली. तिकडे पोचलो की हिची उत्तरं लिहून धाडायची, ही त्यांची फी. मला वाटलं, प्रवेशाचं, परीक्षेचं काही असेल. तर प्रश्न असे: सकाळी खिडकी उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? जिन्याची कोणती पायरी वाजते? शेजारच्या कुत्र्याचा रंग कोणता? दूधवाला काय ओरडतो? पहिली पानं कोणत्या झाडाची गळतात?

"हे विद्यार्थ्याच्या काय कामाचं, काकाजी?"

"हे पुस्तकात भेटत नाई," ते म्हणाले आणि मला पुन्हा झोपाळ्यावर बसवलं.

विलायतेचं टपाल नागपुरात शनिवारी येई. वसंताचं पत्र असलं, की त्या संध्याकाळी काकाजी ओसरीवर ते मोठ्यानं वाचत. समोर काकी, म्हणजे त्यांची मंडळी, सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खडा बोटांनाच सापडायचा. पत्र चालू असताना काकी एक शब्द बोलत नसत. संपलं की म्हणत, "चांगलं हाय म्हना पोट्टं," आणि सूप उचलून आत जात.

एका शनिवारी मी कुंपणाशी उभा होतो. काकाजी वाचत होते, "जिन्याची तिसरी पायरी वाजते, म्हणून उशीर झाला की मी ती ओलांडून चढतो." मी चमकलो. हे वाक्य त्याच सकाळी मी जिन्याच्या खणात वाचलं होतं. ते धंतोलीच्या एका मुलाच्या पत्रातलं होतं. मी भाबडेपणानं विचारलं, "काकाजी, वसंता अन् तो धंतोलीचा एकाच घरात राहते का?"

काकाजींनी पत्राची घडी घातली. ती नीट बसेना. "विलायतेतले सारे जिने सारखेच असते," ते म्हणाले. काकींनी सुपातून मान वर केली नाही. मी घरी आलो आणि डोकं धरून बसलो. मला जिना कळेना, वसंता कळेना, काकाजी तर मुळीच कळेनात.

सप्टेंबरात निघायचा दिवस आला. दुपारी मेल. काकाजी सकाळीच माझी ट्रंक घेऊन स्टेशनावर गेले होते. तिच्यावरची चिठ्ठी कोणत्या बाजूला डकवावी, याबद्दल हमालांना त्यांचं मार्गदर्शन चालू असावं. मी काकींच्या पाया पडायला गेलो. त्या एकट्याच होत्या.

"बस बापा," त्या म्हणाल्या. "तुले वसंताचा पत्ता पायजे ना?"

"हाव काकी. काकाजी देतच नाई."

"कोठून देतीन? वसंता नाई आता."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. इतके महिने उलटसुलट ऐकायची सवय लागली होती, की मला वाटलं, वसंता विलायतेत नाही, असं काही त्या सांगताहेत.

"तीन वर्सं झाले," काकी म्हणाल्या. "तार पोस्टातच आली असन यायच्या हाती. यायनं मले सांगतलं नाई, अन् मी विचारलं नाई. काय झालं पोराले, तेबी माईत नाई."

"मंग तुमाले कसं समजलं?"

"त्याचा कान बरा झाला ना." त्यांनी पदरानं डोळे नाही, हात पुसले. "लहानपनापासून थंडीत त्याचा कान ठनकाचा. मी लसनाचं तेल करून घालाची. तिकडे गेला तरी दर पत्रात कान असेच. 'माय, कान दुखून राहिला, तुह्यं तेल सरलं.' मंग एका पत्रापासून कान बरा झाला. तीन हिवाळे गेले, एकदा दुखला नाई. पोराचं दुखनं बापाच्या हातानं लिववत नाई बापा. सारं गोड गोड लिवते."

माडीवरचे खण एकदम माझ्या डोळ्यांपुढे आले. थंडी, बटाटा, जिना. कुत्र्याचा रंग. तीन वर्षं या माणसानं आम्हा पोरांना छत्र्यांवरून बुचकळ्यात टाकलं होतं, आणि आमच्याकडून पायऱ्या, झाडं, दूधवाले गोळा करून आपल्या मुलाला पंधरा-पंधरा दिवस जगवलं होतं. मी त्यांना किती हसलो होतो! मला माझीच लाज वाटली.

"तुमी त्यायले सांगत काहून नाई, का तुमाले माईत हाय म्हनून?"

"सांगतलं तर हे लिवाचं थांबतीन. मंग दिवसभर करतीन काय?" काकींनी सूप पुढ्यात ओढलं. "पन यायच्या जवळचं सरत आलं. मागच्या पत्रात तेच कुत्रं दोनदा आलं. तू तिकडून लिवत जा. अन् सारं चांगलं नोको लिवू. जरासं दुखनंबी लिव."

स्टेशनावर काकाजी घामाघूम होऊन उभे होते. ट्रंकेवर तिन्ही बाजूंनी चिठ्ठ्या डकवलेल्या. शेवटच्या सूचना त्यांनी एका दमात दिल्या: मुंबईला कोणावर विश्वास ठेवू नको, अडचण आली तर कोणालाही विचार. मग माझ्याकडे बघत राहिले. मी आता पत्ता मागणार, याची ते वाट बघत होते. शिट्टी झाली तरी मी काही मागेना, तेव्हा तेच म्हणाले, "वसंता ना, सध्या..."

"खोली बदलून राहिला असन," मी म्हणालो.

"हाव. तेच," काकाजी म्हणाले आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

मँचेस्टरला पोचलो आणि काकाजींचा एकूण एक सल्ला माझ्या उपयोगी पडला, म्हणजे कोणताही पडला नाही. जहाजावर तीन दिवस मी काही खाल्लंच नाही, त्यामुळे काटा-सुरी तशीच राहिली. छत्री नेली, उघडली नाही, भिजलो. पहिल्या दिवशी झोपताना खरोखरच एक बूट बाहेर आणि एक आत ठेवला. सकाळी घरमालकीण हातात तो एक बूट घेऊन दारात उभी होती. आपला भाडेकरू एका पायाचा आहे की काय, हे ती माझ्या पायांकडे बघून ठरवत होती. मी प्रश्नावलीची उत्तरं लिहिली. खिडकीतून धुराडी दिसतात. पाचवी पायरी वाजते. कुत्रं नाही, मांजर आहे, पिवळं, एका डोळ्यानं अधू. प्रत्येक पत्रात काहीतरी नवं धाडत गेलो. नसेल तेव्हा बघायला बाहेर पडलो. खरं म्हणजे त्यामुळेच मला ते गाव हळूहळू दिसायला लागलं.

डिसेंबरात माझाच कान दुखायला लागला. मी काकाजींना लिहिलं, इथल्या थंडीत आपल्याकडच्या मुलांचे कान फार ठणकतात, याची नोंद घ्यावी. लिहिलं खरं, आणि टपालात टाकल्यावर प्रश्न पडले. काकाजींना हे लिहवेल का? नाही लिहवलं तर? आणि लिहवलं तर काकींचं काय होईल? दीड महिना मी त्याच गोंधळात काढला.

उत्तर आलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं, ओळी मात्र जरा वाकड्या.

"चि. गंगाधर यास आशीर्वाद. कानाची माहिती मिळाली. योगायोग असा, की वसंताच्याही या खेपेच्या पत्रात तेच आलं. कान दुखतो म्हणून लिहितो. मंडळींना वाचून दाखवलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग उठल्या आणि लसूण सोलायला बसल्या. डोळ्यांनी दिसत नाही, तरी मला हात लावू दिला नाही. तेल झालं, बाटली भरली, वर मेण लावलं. मग मला विचारू लागल्या, कोणत्या पत्त्यावर धाडायची. मी तुझा पत्ता सांगितला. बाटली पोचल्याची नोंद दे."

बाटली आठ दिवसांनी आली. फडक्याच्या सात घड्यांत गुंडाळलेली, तरी थोडी पाझरलेली. साऱ्या खोलीला आमच्या इतवारीतल्या स्वयंपाकघराचा वास सुटला. माझा कान तोवर साफ बरा झाला होता. तरी मी खाटेवर आडवा झालो, दोन थेंब कानात घातले आणि डोळे कोरडे होईपर्यंत तसाच पडून राहिलो.

मग उठून पत्र लिहिलं. बाटली पोचली. तेलानं पुष्कळ बरं वाटलं. पण कान अजून दुखतो.