काशीजिजीचा सोफा

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले, तेव्हा नवी सून पाहायला आळीतल्या बायका जमल्या. कुणी माझा रंग पाहिला, कुणी नाक, कुणी माहेरच्या पाटल्या. काशीजिजी आली ती सरळ माझ्यासमोर बसली, माझा पदर बाजूला सारला, दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि भाजीवालीकडचा दुधी दाबून पाहावा तशी दाबून पाहिली. मग माझ्या सासूबाईंना म्हणाली, "पोरगी चांगली आहे. पन मान पाह्य मान! कोंबडीची आहे. दूध पाज इले."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी शेरभर दूध जास्त येऊ लागलं. कुणी मागितलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

जिजी आमच्या शेजारची. नवरा तरुणपणीच गेलेला, पोरबाळ नाही. चार म्हशी आणि एक वगार, म्हणजे पुढच्या साली व्यायला येईल अशी तरणी म्हैस, एवढं तिचं गणगोत. माणसाची पारख ती फक्त मानेवरून करायची. निवडणुकीला उभे राहिलेले वकीलसाहेब हात जोडून तिच्या दारात आले, तर तिनं त्यांचं भाषण पुरतं ऐकून घेतलं आणि ते वळताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मान उसाच्या चिपाडावानी, आन् म्हने देश उचलतो!" वकीलसाहेब पडले. जिजीमुळे पडले असं मी म्हणत नाही, पण आमच्या आळीची मतं त्यांना मिळाली नाहीत हे खरं.

आणि तिच्या लेखी प्रत्येक पुरुष पहिलवान. पोस्टमन पहिलवान, पुजारी पहिलवान. आमचे हे एका कापसाच्या पेढीवर हिशेबनीस होते आणि वाऱ्यानं छत्री उलटली तर छत्रीबरोबर स्वतःही फिरायचे. त्यांनाही ती रोज सकाळी, "काय पहिलवान, निंघाले का?" असं विचारायची. हे लाजून मान खाली घालायचे. "मान वर ठिवा," जिजी ओरडायची, "आहे थोडी तं दिसू द्या!"

या सगळ्याचं मूळ तिच्या गोठ्याच्या भिंतीपलीकडे होतं. पलीकडे तालीम होती. तालमीतल्या पोरांना दूध जिजीच्या म्हशींचं. त्यातला भिका हा तिचा खास. भिका बुऱ्हाणपूरचा नव्हे, जवळच्या तुकईथड गावचा. घरी केळीची थोडी बाग, भावंडं बरीच. अंगापिंडानं दांडगा म्हणून वडिलांनी त्याला तालमीत आणून टाकला, तेव्हा पहिल्याच दिवशी जिजीनं त्याची मान पाहिली आणि म्हणे खाली बसली. "ही मान नाही वं माय, हे तं खांब आहे देवळाचा." तेव्हापासून तो पहाटे तिच्या गोठ्यात यायचा, म्हशींना पाणी दाखवायचा आणि धार काढल्याबरोबर तांब्याच तोंडाला लावायचा. आता तो पंचक्रोशीतला नावाजलेला मल्ल झाला होता, तरी दूध प्यायला येताना दारात खोकून, "जिजी, येऊ का?" विचारून यायचा.

गंमत म्हणजे जिजीनं उभ्या आयुष्यात कुस्ती पाहिली नव्हती. बायका कुस्त्यांच्या दंगलीला जात नसत. ती गोठ्यात बसून पलीकडचा आरडाओरडा ऐकायची आणि काय झालं असेल ते स्वतःच ठरवायची. डावांची नावं तिला येत नव्हती. सगळ्या डावांना ती 'धोबीघाट' म्हणायची. "आज आपल्या भिकानं त्याले असा धोबीघाट मारला!" भिका समोर बसून दूध पीत असायचा. तो म्हणायचा, "हो जिजी, धोबीघाटच." त्यानं तिला कधी दुरुस्त केलं नाही.

ते दिवस सगळेच जोडाजोडीचे होते. राजेरजवाड्यांची संस्थानं विलीन झाली होती. मग प्रांत मोडले आणि नवे जोडले. आमचं बुऱ्हाणपूर नागपूरच्या हातून सुटून भोपाळच्या हाती गेलं. शाळेत, कचेरीत, बाजारात सगळे एकमेकांना विचारत, आता आपण नक्की कोण? कुणालाच नीट उत्तर येत नव्हतं. अशात गावातल्या शेठ लोकांनी कमिटी केली आणि जुन्या मातीच्या हौद्याच्या जागी नवा पक्का आखाडा बांधला. भोवती विटांच्या पायऱ्या, वर पताका, आणि हौद्याच्या अगदी काठाला लाल कापडाचे सोफे. उद्घाटनाची कुस्ती ठरली ती आमच्या भिकाची आणि एका विलीन झालेल्या संस्थानाच्या दरबारी पहिलवानाची. त्याचे राजेसाहेब स्वतः येणार होते.

पायरीवरचं तिकीट आठ आणे. मागच्या वेताच्या खुर्चीला पाच रुपये. आणि सोफ्याला पंचवीस!

गावात दुसरा विषय राहिला नाही. लोक आखाड्यावर जाऊन नुसते सोफे पाहून येत. "पंचवीस रुपयांत काय कुस्ती मोठी दिसते का?" आमचे हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "पंचवीस रुपयांत आमचं लग्न झालं." एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले की, इतक्या पैशांत पहिलवान आपल्या घरी येऊन कुस्ती खेळून गेला पाहिजे.

आणि एका सकाळी बातमी आली की काशीजिजीनं वगार विकली.

"सोफ्यावर बसणार आहे म्हणे!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पुढच्या साली दूध देणारं जनावर विकलं, घडीभर बूड टेकायला! कुणी सांगा गं तिला."

कुणी सांगायला गेलं नाही. उलट जिजीच आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "चाल वं कोंबडे. तुले वाचता येते. तिकिटावर काय लिहून देतात ते पाह्य."

कमिटीचे सेक्रेटरी एका दुकानाच्या माडीवर तिकिटं विकत बसले होते. जिजीनं सोफा मागितला, तेव्हा त्यांना वाटलं ती सोफाच विकत मागतेय.

"माताजी, जनाना इंतजाम नहीं है," ते म्हणाले.

"मी इंतजाम मांगायले नाही आली. जागा मांगायले आली."

"लेकिन सोफे पे तो बड़े लोग बैठेंगे. बाजू में राजासाहब बैठेंगे."

"बसू दे ना," जिजी म्हणाली. "त्याचं राज गेलं, माहा तबेला अजून शाबूत आहे. मी सरकून घेईन जराशी."

माडीवरचे लोक हसायला लागले. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, बाईमाणूस आखाड्यात आलं तर माती बाटते, पहिलवान बिचकतात, लोक काय म्हणतील. जिजीनं सगळं ऐकून घेतलं. मग कनवटीचा रुमाल सोडून पैसे टेबलावर ठेवले आणि आवाज न चढवता म्हणाली, "पहिलवान, ज्याची कुस्ती तुमी विकू रायले, त्याच्या अंगात दूध कोनाचं आहे? ते प्याला तेव्हा बाटला नाही तो. आन् मी पाहिलं तं बाटते?"

 एका हमालानं मागून "बराबर बोली माँ!" म्हटलं. सेक्रेटरींनी तिकीट फाडलं. मी ते हातात घेऊन दोनदा वाचलं. पहिली रांग, मधला सोफा. जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मला वाटलं, कुस्ती इथेच जिंकली.

तिकिटाची हकीगत गावभर झाली. मग इतर बायकांनाही कंठ फुटला. जिजी जाते तर आपण का नको? शेवटी कमिटीनं एका बाजूच्या पायऱ्यांना दोर बांधून बायकांची जागा केली. "मी जाणार नाही हं त्या धिंगाण्यात," असं म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई दंगलीच्या दिवशी दुपारीच लुगडं बदलून बसल्या होत्या.

आखाडा गच्च भरला होता. धूलकोटकडून, चांदनीकडून लोक आले होते. राजेसाहेब आले, फेटा तोच, फक्त आता पुढे चोपदार नव्हता. मधला सोफा मोकळा होता. आम्ही पायरीवरून माना उंच करून पाहत होतो, जिजी कशी येते, कशी बसते.

जिजी आली. इस्त्रीचं हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. पण तिनं एका बाईचा हात धरून आणला होता. बाई वाळकी, काळीसावळी, पायांना बैलगाडीच्या वाटेची धूळ. ती इतकी घाबरली होती की लोकांकडे न पाहता फक्त जिजीच्या पाठीकडे पाहत चालत होती.

"ही कोण?" सासूबाईंनी मला विचारलं. मला तरी काय माहीत?

दोघी सोफ्यापाशी थांबल्या. आमची जागा जवळच होती, बोलणं ऐकू येत होतं. ती बाई सोफ्याला हात लावायलाही धजेना. "मी खाली बसते वं ताई. मले नाही जमायचं अशावर."

"बस," जिजी म्हणाली.

"तुमी बसा ना. तुमीच त्याले दूध पाजून वाढवला."

"मी पाजलं ते म्हशीचं," जिजी म्हणाली. "तू बस."

आणि खांदे दाबून तिनं भिकाच्या आईला पंचवीस रुपयांच्या सोफ्यावर बसवलं. राजेसाहेब शेजारी होते. ते थोडे सरकले आणि त्यांनी हात जोडले.

जिजी दोराखालून वाकून आमच्यात आली, ती सगळ्यात मागं, भिंतीला टेकून उभी राहिली. मी उठून तिच्यापाशी गेले. "जिजी, दोन जागा घ्यायच्या होत्या."

"दुसरी वगार कुठं होती?" ती म्हणाली.

मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "सांगत जाय. मले इथून मानसं धुरावानी दिसतात." तेव्हा मला कळलं, तिचे डोळे अधू झाले होते. कुणाला बोलली नव्हती.

कुस्ती लागली. मला कुस्तीतलं तिच्याइतकंच कळत होतं. "भिका खाली गेला," मी म्हणाले.

"खाली कसा? मान?"

"मान वर आहे. आता तो दुसराही खाली गेला."

"मंग वर कोन आहे?"

"वर कुणीच नाही, जिजी!"

पुढच्या बायका हसत होत्या, पण हसता हसता श्वास धरून होत्या. दरबारी पहिलवान भारी होता. त्यानं भिकाला दाबून धरलं, भिकाचा चेहरा मातीत गेला, आणि मी बोलायची थांबले. जिजीनं माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी बांगड्यांचे वळ दिसत होते. तेवढ्यात काय झालं मला सांगता येणार नाही. भिका वळला, त्याच्या पाठीवरचा डोंगर उडाल्यासारखा झाला, आणि तो दरबारी मल्ल आभाळाकडे तोंड करून पडला होता.

आखाडा उसळला. पागोटी वर उडाली. आपण नागपूरचे की भोपाळचे, हे त्या घटकेला कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं. आम्ही भिकाचे.

"धोबीघाट!" जिजी ओरडली. "धोबीघाटच आसंन!"

भिका राजेसाहेबांना मुजरा करायला सोफ्याकडे गेला आणि मध्येच थबकला. शेजारच्या सोफ्यावर त्याची आई होती. तिनं त्याला कधी लढताना पाहिलं नव्हतं आणि ती आलीय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तसाच मातीनं माखलेला तिच्या पायांवर पडला.

"काय करू रायला?" जिजीनं विचारलं.

"आईच्या पाया पडतोय."

"ती रडू रायली का?"

"हो. पदरानं त्याचं तोंड पुसतेय."

"पुसू दे," जिजी म्हणाली.

मग भिका उठून गर्दीत कुणाला तरी शोधू लागला. मी हात वर करणार, तोच जिजीनं तो खाली ओढला. "चाल. म्हशींची वेळ झाली."

"अहो, तो तुम्हालाच पाहतोय!"

"त्याची माय इतक्या वर्सांत पहिल्यांदा आली. आज तिले पाहू दे त्याच्याकडे पोटभर."

आम्ही दोघी गर्दीतून निघालो. मागं हलगी वाजत होती. वाटेत तिनं एकदाच विचारलं, भिका खाली दाबला गेला तेव्हा डोकं तर आपटलं नाही ना त्याचं. मी नाही म्हणाले. घराशी आल्यावर ती गोठ्यात शिरली आणि मी आमच्या दाराशी उभी राहिले. थोड्या वेळानं आतून धारेचा आवाज आला, आणि मग जिजीचा. ती म्हशींना कुस्ती सांगत होती. कोण कसा आला, कुणी कुणाला कसं धरलं, भिकानं त्याला कसा उचलला, सगळं अगदी काठाला बसून पाहिल्यासारखं.

"आन् त्याची माय होती ना," ती म्हणत होती, "तिले बी दिसलं बरं का. तिले सगळं दिसलं."